इतवारीतला समुद्रफेस आणि कळमेश्वरची गांडुळं

मालवणहून नागपूरला ताईकडे आले की इतवारीची एक फेरी ठरलेलीच. या श्रावणात मेट्रोने चितार ओळीला उतरले आणि भिजत भिजत एका काष्ठौषधींच्या दुकानात शिरले. हिरडा-बेहड्याच्या गोण्यांमागे एका डब्यात होडीच्या आकाराचे पांढरे तुकडे दिसले. समुद्रफेस! भरती ओसरली की आमच्या वाळूत पडलेला असतो, तोच. समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब तो असा भेटला, की गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. एक तुकडा घेतलाच.

नाव फेस असलं तरी हे माकूळ या ऑक्टोपसच्या कुळातल्या समुद्री प्राण्याचं कवच. गोगलगाईचा शंख बाहेर, याचं पाठीत, कातडीखाली. नखाने खरवडलं की खडूसारखी पूड निघते. मोडून पाहिलं तर कडेला एकावर एक कागदासारखे थर, आणि थरांमध्ये बारीक बारीक कप्पे. जिवंत माकूळ या कप्प्यांतलं पाणी ओढून घेतो, तिथे वायू उरतो आणि अंग हलकं होतं. पाणी परत भरलं की जड. पर न हलवता हव्या त्या खोलीवर राहायची ही सोय. माकुळाच्या लांबट, नळीसारख्या जातीत याच जागी काचेसारखी पातळ पट्टी असते.

रात्री भाचीने तो तुकडा बादलीत सोडला. मस्त तरंगला.

“मावशी, अंबाझरीत सापडेल का गं माकूळ?”

तलावात नाही सापडणार. माकूळ, ऑक्टोपस, नॉटिलस हे सगळं कुळ फक्त खाऱ्या पाण्यातलं. त्यांच्या रक्ताचा खारेपणा समुद्राइतकाच. गोड्या पाण्यात पडले तर बाहेरचं पाणी अंगात शिरत राहील आणि ते उपसून टाकायची सोय त्यांच्याकडे नाही. त्यांच्याच मृदुकाय गणगोतातल्या गोगलगाई आणि शिंपल्यांनी मात्र तलाव-नद्या केव्हाच गाठल्या. नागपुरातच टाकळी भागातल्या खडकांच्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म आहेत, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनरी भूशास्त्रज्ञाने ते गोळा केले होते.

दुसऱ्या दिवशी ताईच्या सासऱ्यांबरोबर, म्हणजे बाबांबरोबर, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेत गेलो. आंबिया बहाराची संत्री अजून हिरवीगार होती. बाबांनी शेडमधलं ओलं पोतं उचललं आणि खाली गांडुळांची नुसती वळवळ. एक उचलून मी वर्तमानपत्रावर ठेवलं आणि भाचीला म्हटलं, कान लाव. सर्र, सर्र. जवळजवळ प्रत्येक कड्याला आठ बारीक ताठ केस असतात, ते कागदाला घासतात. याच केसांनी मातीला धरून, गोल आणि उभे स्नायू आळीपाळीने आवळत गांडूळ पुढे सरकतं. हाड एकही नाही, अंगातल्या पाण्याच्या दाबावर सगळा कारभार.

“अवं पोरी, लय वेळ बाहेर नोको ठेवू त्याले,” बाबा म्हणाले. “कातडीनंच श्वास घेते ते. सुकलं का मेलं.”

मग त्यांनीच खतात लिंबासारखे दिसणारे, अंड्यांचे इवलेसे कोष दाखवले. शेजारी नुकतंच बाहेर पडलेलं एक पिल्लू होतं, जाड दोऱ्याएवढं, जवळजवळ आरपार दिसणारं. मी ते ओल्या तळव्यावर घेऊन उजेडात धरलं. पाठीतून एक लाल रेघ गेलेली. ती शेपटीकडून डोक्याकडे लाटेसारखी आवळत चालली होती. रक्तवाहिनी! वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढते ती चालताना अशी स्पष्ट कधी पाहिली नव्हती.

गोगलगाईचं रक्त अंगातल्या पोकळ्यांत मोकळं सांडतं. गांडुळाचं नळ्यांतूनच फिरतं, आणि माकुळाचंही. दोघांचं नातं फार लांबचं, पण बंद नळ्यांची वाट दोघांनी आपापली काढली. पिल्लाच्या रक्तात लोह, म्हणून ते लाल. माकुळाच्या रक्तात तांबं, प्राणवायू मिळाला की निळसर. त्या तांब्याच्या रक्तात प्राणवायू कमी मावतो आणि माकूळ तर भक्ष्यावर झडप घालणारा प्राणी. म्हणून हृदयं तीन: दोन कल्ल्यांतून रक्त ढकलणारी, एक सगळ्या अंगाला पुरवणारं.

भाची तोंडातल्या तोंडात लाटा मोजत होती. तळवा सुकायला लागला तसं बाबांनी पिल्लू माझ्या हातून घेतलं, खतात ठेवलं आणि वर पोतं ओढलं.