घारापुरीचं दार कुठे आहे?

गेटवेच्या धक्क्यावरून लाँचमध्ये पाऊल टाकलं की आता आधी लाइफ जॅकेट घालायला सांगतात. डिसेंबर २०२४मध्ये नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या लाँचवर आदळली, माणसं गेली, तेव्हापासूनचा हा कडकपणा. माझ्या शेजारच्या काकांनी जॅकेट अंगात चढवलं, सेल्फी घेतला आणि ताजची इमारत लहान व्हायच्या आत ते काढून पाठीशी टेकायला घेतलं. मी नेमका ‘तयारी’ हाच विषय डोक्यात घेऊन निघाले होते, त्यामुळे ते मला जरा जास्तच खटकलं.

लेणी पाहायची नव्हती. शाळेच्या सहलीत पाहिली होती. त्रिमूर्तीपेक्षा माझ्या हातातला डबा पळवणारं माकड जास्त आठवतं. यावेळी लेण्यांभोवती राहणारं गाव बघायचं होतं. हल्ली बेटं आणि साथीचे रोग यांवर हाती लागेल ते वाचत असते. साथ आली की बेटाने दार लावून घ्यावं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण बेटाला दार असतं कुठे?

लाँच बंदरातून बाहेर पडली. जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर, पलीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन, धुरकटात अटल सेतूची रेघ. या पाण्यातून मुंबईत काय काय उतरलं! १८९६मध्ये गोदीला लागून असलेल्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून पळाली. १९१८च्या जूनमध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात गेले. इन्फ्लुएन्झा शहरात शिरल्याची ती पहिली नोंद. मुंबईही मुळात बेटंच, पण तिने भराव घालून, पूल बांधून आपली दारं कधीच काढून टाकली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पॅसिफिक महासागरात ‘तालुने’ नावाचं जहाज ऑकलंडहून निघून पश्चिम सामोआच्या आपिया बंदराला लागलं. जहाजावर आजारी माणसं होती, तरी उतारूंना उतरू दिलं. बेटावरची सुमारे ३८,००० वस्ती. त्यातली साधारण साडेआठ हजार माणसं दगावली, म्हणजे पाचातलं एक. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बंदर बंद केलं आणि तिथे या फ्लूने एकही माणूस गेला नाही. तोच समुद्र, तीच माणसं, नातीगोतीसुद्धा तीच. २००२मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआची माफी मागितली, कारण तेव्हा कारभार त्यांच्या देशाकडे होता.

ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त छळतो. पश्चिम सामोआत घरंच्या घरं एकदम आडवी झाली. रांधायला, पाणी द्यायला उभं माणूस उरलं नाही. मोठ्या शहरात साथ गल्लीगल्लीतून फिरते, छोट्या बेटावर ती सगळ्यांना एकाच आठवड्यात गाठते. फेरो बेटांवर १८४६मध्ये गोवर आला तेव्हा ७,७८२ वस्तीतले सुमारे ६,००० लोक काही महिन्यांत आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने बोटीने गावोगाव जाऊन टिपणं काढली. ज्या म्हाताऱ्यांना १७८१च्या साथीत गोवर होऊन गेला होता त्यांना तो पुन्हा झाला नाही, पासष्ट वर्षांनंतरही. बाकीची बेटं सुकल्या गवतासारखी पेटली. बेट जितकी वर्षं रोगापासून लांब राहतं, तितकी त्याच्यावर पुढे कोसळणारी साथ मोठी. म्हणून दार लावणं हे अर्धंच काम. मिळालेल्या वेळात लस टोचून होते की नाही, हे उरलेलं अर्धं.

घारापुरीला उतरल्यावर सगळे छोट्या गाडीकडे आणि मग पायऱ्यांकडे वळले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, दगडी हत्ती, काकड्या, कैऱ्या. मी एका मावशींच्या टपरीवर ताक घेतलं आणि तिथेच बसून राहिले. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर मिळून हे गाव. मुंबईच्या समोर, पण तालुका उरण, जिल्हा रायगड. काही घरं मासेमारीवर, बरीचशी पर्यटकांवर.

मार्च २०२०मध्ये पुरातत्त्व खात्याने देशभरातली स्मारकं बंद केली, पाठोपाठ टाळेबंदी लागली. मी मावशींना विचारलं, तेव्हा बरं वाटलं असेल ना, बाहेरचं कुणी येत नव्हतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला ग्लासात बघावं लागलं.

“बरं कसलं गो? लाँच बंद म्हंजे सगलंच बंद. रोग नाय आला, पैसापन नाय आला. मासली होती म्हनून पोट भरला.”

इथे माझं पुस्तकी दार निखळलं. ज्या लाँचमधून साथ येईल तिच्यातूनच पीठ, गॅस, औषधं आणि गिऱ्हाईक येतं. दार बेटाच्या धक्क्यावर लावलं, तर आत माणसं उपाशी. लक्षद्वीपने म्हणूनच ते धक्क्यावर लावलं नाही, कोचीला लावलं. जहाजात चढण्याआधी तिथे तपासणी, तिथेच सात दिवस विलगीकरण. सामान येत राहिलं आणि १८ जानेवारी २०२१पर्यंत तिथे कोरोनाचा एकही रुग्ण नव्हता. त्याच्या आदल्या महिन्यात विलगीकरणाची अट काढून नुसता निगेटिव्ह अहवाल पुरेसा केला होता. मे महिन्यापर्यंत रुग्ण हजारोंच्या घरात गेले. नियम सैल केल्यामुळे की विषाणूच जास्त वेगाने पसरू लागल्यामुळे, यावर वाद घालता येतो. पण देशात लसीकरण सुरूही झालं नसताना अट काढली, हे मला पटत नाही.

घारापुरीचं दार तसं पाहिलं तर गेटवेला आणि उरणच्या किनाऱ्यावर आहे. म्हणजे ते लावण्याचा अधिकार बेटाकडे नाही, दोन वेगळ्या जिल्ह्यांकडे आहे. साथीच्या धामधुमीत दोन कलेक्टर कचेऱ्यांनी एकाच बोटीबद्दल एकाच दिवशी एकच आदेश काढणं किती अवघड, हे सरकारी कागद हाताळलेल्या कुणालाही विचारा.

जमेची एक बाजू आहे. २०१८च्या फेब्रुवारीत समुद्राच्या तळाखालून केबल टाकून इथे कायमची वीज आली. बऱ्याचशा लशी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात. ज्या गावात वीज काही तासच असायची, तिथे फ्रिजचा काय भरवसा धरणार? पण लस टोचायला येणारी नर्स मात्र बोटीनेच येणार.

परतीच्या लाँचवर तांडेलदादांना विचारलं, तुम्ही आणि तुमचे खलाशी एकदम आजारी पडलात तर गावातली बोट हाकायला किती जण आहेत? ते हसले. “बोट सगल्यांनाच येते ताई. इंजिन बिघडला तर दोघंच.” सगळेच एकदम आडवे झाले तर काम कोण चालवणार, या सामोआनंतर मला पडलेल्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या अहवालात मिळालं नव्हतं.

निघताना मावशींना आणखी एक विचारलं होतं: आता पुन्हा तसं झालं तर? तांदूळ आणि सुकी मासळी पावसाळ्यासाठी भरतातच, म्हणाल्या. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्यांचं अवघड होतं, कारण दुकानदार महिन्याच्या वर द्यायला कुरकुरतो. त्यावर त्यांनी तोड काढली आहे: एक चिठ्ठी उरणच्या डॉक्टरची, दुसरी मुंबईत लेकीकडच्या डॉक्टरची, आणि दोन्हीकडून महिन्या-महिन्याच्या गोळ्या.