कोर्टाने प्लांट विकायला लावला आणि माझा आय-१४० अडकला

आमच्या कंपनीने स्पर्धक कंपनी विकत घेतली होती, काही वर्षांनी इथल्या अमेरिकन कोर्टाने ठरवलं की या मर्जरमुळे स्पर्धाच संपलीय, आम्ही काम करतो तो प्लांट विका. यालाच डायव्हेस्टिचर म्हणतात. नुसती मशिनरी नाही, ऑर्डरी, माणसं, चालता धंदा सगळाच, कारण घेणाऱ्याला लगेच स्पर्धेत उतरता आलं पाहिजे. दुसऱ्या एका अशाच प्रकरणात, पेनसिल्व्हेनियातल्या टोवांडाच्या डोअरस्किन (दाराचं बाहेरचं पातळ आवरण) प्लांटचं मर्जर २०१२ चं, ज्युरीचा निकाल २०१८ चा आणि विक्री पूर्ण झाली २०२५ मध्ये, त्यामुळे आपल्याकडेही वेळ आहे असं धरून मी निवांत राहिलो.

एच-वन-बीचं, म्हणजे कामाच्या व्हिसाचं, काहीच अडलं नाही, नव्या मालकाने जुन्या जबाबदाऱ्या घेतल्याचं लिहून दिलं, झालं. अडकला तो आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने आपल्या वतीने भरायचा अर्ज. माझं पर्म, म्हणजे त्याआधी लागणारी कामगार खात्याची मंजुरी, विक्रीच्या महिनाभर आधीच मिळालेली आणि ते फक्त १८० दिवस चालतं, तेवढ्यात नव्या कंपनीने सक्सेसर-इन-इंटरेस्ट, म्हणजे जुन्या कंपनीची कायदेशीर वारस, म्हणून आय-१४० भरायचा. त्याला तीन गोष्टी लागतात, काम तेच आहे, प्लांट खरंच त्यांच्याकडे गेला आणि पगार द्यायची ऐपत दोघांचीही, म्हणजे विक्रीच्या दिवसापर्यंत जुन्या कंपनीची पण!

त्या ऐपतीसाठी जुन्या कंपनीच्या फायनान्सकडून एक पानाचं पत्र हवं होतं, बास. ७१ दिवस लागले. एचआर म्हणे लीगलला विचारा, लीगल म्हणे तुम्ही आता आमचे एम्प्लॉयी नाही. अहो पण पर्म तुमच्याच नावावर आहे ना! रोज रात्री बायको विचारायची आलं का पत्र, आणि मी कॅलेंडरवर दिवस मोजत बसायचो, अजूनही आठवलं की संताप होतो.

प्लांट गेल्याचा पुरावा म्हणून विक्रीच्या कराराची पानंही मी आधी जुन्या कंपनीकडेच मागत होतो, गोपनीय म्हणून नकार. मग नव्या कंपनीची वकील म्हणाली, करारावर सही आमचीही आहे, कॉपी आमच्याकडे आहे की. दुसऱ्या दिवशी पानं आली, बहुतेक ओळींवर काळे पट्टे, पण प्लांटचा पत्ता, जबाबदाऱ्या घेतल्याचं कलम आणि सह्या स्वच्छ दिसत होत्या, तेवढं पुरलं.

तुमचा प्लांट विकायला निघाला असेल तर ते पत्र विक्रीच्या आधीच मागा, तेव्हा तुम्ही त्यांचे असता. १८० पैकी १६३व्या दिवशी आय-१४० भरल्याची रिसीट आली, पार्किंगमध्येच आईला फोन लावला. आणि हो, पे-स्लिपा आधीच डाउनलोड करून ठेवा, जुनं पोर्टल विक्रीच्या दिवशीच बंद होतं.