टीएमटी ‘निगेटिव्ह’ आल्यानंतर

आमच्या घोडबंदर रोडवरील सोसायटीच्या सूचनाफलकावर गेल्या आठवड्यात हृदयतपासणी शिबिराचा कागद लागला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, काही त्रास नसला तरी, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढण्याची हृदयचाचणी) करून घ्यावी असे आवाहन त्यात आहे. मला नौपाड्यातील माझे काका आठवले. त्यांनीही त्रास नसताना ही चाचणी केली होती, अहवाल ‘निगेटिव्ह’ आला होता, आणि चारच महिन्यांनी सकाळी तलावपाळीला फेरी मारताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेत रुग्णालयात पोहोचल्यामुळे ते वाचले. काकू मात्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला तो अहवाल प्रत्येक डॉक्टरांपुढे धरून एकच विचारत राहिल्या, “मग हे चुकीचं होतं का?”

ते चुकीचे नव्हते. ट्रेडमिलवर चालताना ईसीजीत बदल दिसतो तो साधारणपणे धमनी 70 टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झाल्यावर. झटका मात्र पुष्कळदा त्याहून कमी अडथळ्याच्या जागी, चरबीच्या थरावरचा पातळ पापुद्रा फाटून तिथे रक्ताची गुठळी धरल्याने येतो. तो पापुद्रा केव्हा फाटेल, हे ती चाचणी सांगू शकत नाही.

शिवाय निरोगी माणसाचा अहवाल खोटाच ‘पॉझिटिव्ह’ आला, की मनगटातून हृदयापर्यंत नळी, धमन्या दिसाव्यात म्हणून डाय, क्ष-किरण आणि कधी कधी स्टेंटही (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) मागे लागतो. ऐन झटक्यात स्टेंट जीव वाचवतो, काकांचाही वाचवला. परंतु 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या अभ्यासात, तपासणीत ठळक दोष आढळलेल्या पण प्रकृती स्थिर असलेल्या 5,179 रुग्णांमध्येसुद्धा, आधी औषधे देण्याऐवजी लगेच स्टेंट वा बायपासकडे वळल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाल्याचे दिसले नाही. लक्षणे नसलेल्या, कमी धोक्याच्या प्रौढांची ईसीजी वा टीएमटीने सरसकट तपासणी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2018 मध्ये केली. (छातीत दुखत असेल किंवा जिना चढताना नव्याने दम लागत असेल, तर गोष्ट वेगळी; तिथे डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये.)

मला आजही सलते ते दुसरेच. काकांचा वाढलेला रक्तदाब आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) त्याच फोल्डरच्या मागच्या पानांवर नोंदलेले होते, आणि पहिल्या पानावरच्या ‘निगेटिव्ह’ या शब्दाने सगळे इतके निर्धास्त झाले की गोळ्या सुरू झाल्याच नाहीत. म्हणून शिबिरात टीएमटीऐवजी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल मोजावे, आणि तंबाखूबद्दल प्रत्येकाला स्पष्ट विचारावे, असे पत्र मी सचिवांना दिले आहे. रविवारच्या सभेत ते चर्चेला येईल.