लॅम्पोर्ट आणि डोक्यातला किडा

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समध्ये, म्हणजे अनेक मशीन नेटवर्कवरून मिळून एक काम करतात तिथे, काम करणाऱ्या कुणाशीही बोला, लेस्ली लॅम्पोर्ट हे नाव निघतंच. 2013 चं ट्युरिंग अवॉर्ड, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचं जणू नोबेल, त्यांचं. पण "आपण डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगमध्ये करिअर करायचं" असं या माणसाने कधी ठरवलं असेल असं मला तरी वाटत नाही. कुठला पेपर कसा सुचला याची टिपणं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीयेत, ती वाचताना सारखं जाणवतं की सुरुवात बऱ्याचदा काहीतरी खटकण्यापासून झालीये. हे उगाच अवघड करून ठेवलंय, हे चुकतंय, हे तर शक्यच नाही. मग डोक्यात किडा वळवळायला लागतो.

जन्म 1941 चा, न्यूयॉर्कचा. एमआयटीतून गणित, मग ब्रँडाइसमधून 1972 ला पीएचडी, तीही गणितातच, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सवर, म्हणजे पुढच्या कामाशी थेट संबंध शून्य. आणि नंतरची नोकरी सगळी कंपन्या आणि रिसर्च लॅबमध्ये. एसआरआय, डेक, 2001 पासून 2025 ला निवृत्त होईपर्यंत मायक्रोसॉफ्ट रिसर्च.

पहिला किडा म्युच्युअल एक्सक्लूजनचा. दोन प्रोसेसनी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमनी, एकाच वेळी एका गोष्टीला हात लावायचा नाही, एवढंच. छापून आलेली उत्तरं त्यांना फार गुंतागुंतीची वाटली, म्हणून झटपट एक सोपं लिहून पाठवलं आणि एडिटरचं पत्र आलं की यात चूक आहे! स्वतःवरच चिडले, नीट बसले आणि 1974 चा बेकरी अल्गोरिदम निघाला. आपल्याकडे बँकेत टोकन घेतो ना, तसंच, फक्त टोकन देणारा कुणी नाही, प्रत्येकाने इतरांचे नंबर बघून आपला नंबर आपणच ठरवायचा. दोघांना सारखाच नंबर आला तरी चालतं, आणि कुणी नंबर लिहीत असताना दुसऱ्याने वाचला आणि भलतंच काही दिसलं तरीही चालतं. हे शेवटचं मला आजही जादूसारखं वाटतं. त्या चुकीचा दुसरा परिणाम म्हणजे प्रूफशिवाय अल्गोरिदमवर विश्वास ठेवायचा नाही ही सवय, जी पुढे आयुष्यभर राहिली.

मग 1978 चा तो प्रसिद्ध पेपर, घड्याळांचा. रॉबर्ट थॉमस आणि पॉल जॉन्सन यांनी एकाच डेटाबेसच्या अनेक कॉपी सारख्या ठेवायची पद्धत मांडली होती, टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा शिक्का, लावून. लॅम्पोर्टना त्यात कार्यकारणाचा क्रम बिघडू शकतो हे दिसलं, आणि दिसलं कारण आइन्स्टाइनची स्पेशल रिलेटिव्हिटी त्यांच्या चांगली अंगात मुरलेली होती. लांबलांबच्या दोन घटनांमध्ये आधी कुठली हे दरवेळी सांगताच येत नाही, पण एकीचा निरोप दुसरीपर्यंत पोचला असेल तर मात्र क्रम पक्का. उपाय काय, तर प्रत्येक मशीनने एक आकडा ठेवायचा, काही घडलं की एकने वाढवायचा, मेसेजसोबत पाठवायचा आणि ज्याला मिळेल त्याने आपला आणि आलेला यातला मोठा घेऊन त्यात एक मिळवायचा. झालं. मजा म्हणजे त्यांच्या मते त्या पेपरमधली खरी महत्त्वाची गोष्ट स्टेट मशीनची आहे (सगळ्या मशीननी त्याच कमांड त्याच क्रमाने चालवल्या की सगळ्या सारख्याच राहतात) आणि ती लोकांच्या लक्षातच येत नाही, काहींनी तर त्यांनाच ठासून सांगितलंय की त्यात असं काही नाहीच!

बिझंटाइन जनरल्सचं मूळ एसआरआयमधलं, नासासाठी विमानातल्या कॉम्प्युटरचं काम चालू होतं तिथे. प्रॉब्लेम असा की काही कॉम्प्युटर बिघडून प्रत्येकाला वेगळंच सांगत असले तरी बाकीच्यांचं एकमत व्हायला हवं. निरोपांवर डिजिटल सही नसेल, तर खोटं बोलणारा एक जण पचवायला एकूण किमान चार हवेत, तीन पुरत नाहीत. 1982 च्या पेपरसाठी सेनापतींची गोष्ट मुद्दाम रचली, कारण कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांचा एक प्रॉब्लेम जेवायला बसलेल्या तत्त्वज्ञांच्या गोष्टीमुळे किती गाजला हे त्यांनी पाहिलं होतं.

गोष्टीची ही आयडिया पॅक्सॉसला, म्हणजे काही मशीन बंद पडली तरी बाकीच्यांचं एकमत घडवणाऱ्या त्यांच्या अल्गोरिदमला, मात्र अंगाशी आली. डेकमधले सहकारी एक फाइल सिस्टिम बांधत होते आणि म्हणत होते की कितीही मशीन बंद पडली तरी कन्सिस्टन्सी टिकेल, म्हणजे सगळ्या कॉपी एकमेकींशी जुळतील. हे अशक्य आहे हे सिद्ध करायला लॅम्पोर्ट बसले आणि सिद्ध करता करता हातात अल्गोरिदम आला. मग तो त्यांनी एका काल्पनिक ग्रीक बेटावरच्या संसदेची गोष्ट म्हणून लिहिला, टोपी घालून पुरातत्त्ववाल्याच्या थाटात लेक्चरं पण दिली. 1990 ला पेपर पाठवला, रिव्ह्यूअर म्हणाले ठीक आहे पण ती बेटाची भानगड काढा. यांनी काढली नाही, पेपर तसाच पडून राहिला आणि छापून यायला 1998 उजाडलं. सगळे रिव्ह्यूअरना हसतात, पण मला विचाराल तर त्यांचं फार काही चुकलं नव्हतं. मी तो पेपर वाचायला घेतलाय, ग्रीक नावांमध्येच दम निघतो. 2001 मध्ये त्यांनाच तो पुन्हा साध्या भाषेत लिहावा लागला, आणि 2014 ला राफ्टवाल्यांनी (तेच काम करणारा दुसरा अल्गोरिदम) तर समजायला सोपं हेच आपलं मुख्य ध्येय ठेवलं.

लेटेक, म्हणजे पेपर आणि पुस्तकं छापण्याजोगी मांडायची सिस्टिम, पण त्यांचंच. एक पुस्तक लिहायचं होतं, टेकसाठी (लेटेक ज्यावर उभं आहे तो प्रोग्रॅम) स्वतःपुरते मॅक्रो लिहायला घेतले, आणि आज जगभरच्या थीसिस त्यावर चालतात.

नंतरची बरीच वर्षं त्यांनी टीएलए प्लसला दिली, म्हणजे कोड लिहायच्या आधी सिस्टिमचं वागणं गणिताच्या भाषेत लिहून तपासायचं. ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी 2015 मध्ये लिहिलंय की त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये यातून असा बग सापडला जो दिसायला कमीत कमी 35 पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने घडाव्या लागतात. टेस्टिंगमध्ये हे कोण पकडणार? आमच्याकडे डिझाइन रिव्ह्यूला अजून व्हाइटबोर्डवर चौकोन आणि बाणच असतात, आधी स्पेक, म्हणजे असं गणिती वर्णन, लिहूया म्हटलं की सगळ्यांना एकदम स्प्रिंटची डेडलाइन आठवते.