सोलापूरच्या उन्हात गाडीची नवी चाके

आमच्या गाडीचे टायर झिजले, तेव्हा त्यांच्यासोबत पंधरा इंची पोलादी रिमांऐवजी सोळा इंची अलॉय (मिश्रधातूची चाके) बसवावीत, असा घरातील धाकट्यांचा आग्रह होता. मूळ माप 185/65 आर 15, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 15 इंची. त्याऐवजी 195/55 आर 16 घेतल्यास चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच, म्हणजे सुमारे 621 मिलिमीटर राहतो आणि स्पीडोमीटर बिघडत नाही; परंतु टायरच्या बाजूची उंची 120 मिलिमीटरवरून 107 वर येते, आणि खड्ड्याचा दणका तर तीच बाजू झेलते.

दुकानदार आधी डिझाइन दाखवतात. पाहायचे असते ते नटांच्या वर्तुळाचे माप, ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि गाडीला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतील अंतर) आणि रिमचे मधले छिद्र. ते छिद्र हबपेक्षा (चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागापेक्षा) मोठे असेल, तर मापाची रिंग घालावी लागते, अन्यथा वेगात स्टिअरिंग थरथरू शकते. टायरवरील भारांक मूळपेक्षा कमी नसावा (88 म्हणजे प्रतिटायर 560 किलो), आणि 2325 असा शिक्का टायर 2025 च्या तेविसाव्या आठवड्यात बनल्याचे सांगतो.

उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. पुणे महामार्गावर धावून तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा काढणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक कमी हवेचा टायर अधिक वाकतो आणि अधिकच तापतो. दाब सकाळी, टायर थंड असतानाच मोजावा.

आम्ही अखेर पंधरा इंचीच अलॉय आणि मूळ मापाचे टायर घेतले. धाकटे रंगावर समाधानी आहेत, आणि जुन्या रिमांपैकी एक स्टेपनीला ठेवली आहे.