रुलेट वक्र : ९६ दात्यांच्या कड्यातली प्रगती

आतून ९६ दाते असलेलं कडं आता बोर्डवर पक्कं बसलंय. खाली मऊ पुठ्ठा, वर कार्डशीट, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. आत दातेरी चाक ठेवून, त्याच्या छिद्रात पेन घालून ते फिरवताना कडं केसभर जरी सरकलं तरी शेवटची रेघ पहिलीला येऊन मिळत नाही, म्हणून या तयारीला घाई करायची नाही.

नव्याने आलेल्यांसाठी: एक वक्र दुसऱ्यावर न घसरता घरंगळला, की त्याला जोडलेला बिंदू जी वाट आखतो ती रुलेट. कॅसिनोतल्या रुलेटशी नातं चाकापुरतंच. नोटांवरची गुंतागुंतीची बारीक नक्षी मात्र याच कुळातली, आणि डेनिस फिशरचा १९६५ चा स्पायरोग्राफही, म्हणजे दातेरी चाकं फिरवून नक्षी काढायचं खेळणं. वर्तुळ सरळ पट्टीवर घरंगळलं तर त्याच्या कडेवरचा बिंदू सायक्लॉइड आखतो. फ्रेंच गणितज्ञ पास्कलने १६५८ मध्ये गणितज्ञांना बक्षीस लावून जे प्रश्न टाकले ते याच वक्राबद्दल होते, आणि तो याला रुलेटच म्हणायचा. इंग्रज वास्तुकार ख्रिस्तोफर रेनने त्याच वर्षी सिद्ध केलं की सायक्लॉइडच्या एका कमानीची लांबी वर्तुळाच्या व्यासाच्या बरोबर चौपट. वर्तुळातून निघालेली लांबी, आणि त्यात पायचा (π) पत्ताच नाही! कितीही वेळा वाचलं तरी मन भरत नाही.

सध्या ६० दात्यांचं चाक चालू आहे. ९६ आणि ६० चा मसावि १२, म्हणून ८ पाकळ्या आणि कड्यात ५ फेऱ्या. ६३ चं चाक घेतलं की मसावि ३ वर येतो: ३२ पाकळ्या, २१ फेऱ्या. दाते फक्त तीनने वाढले आणि नक्षी कुठच्या कुठे गेली. चाक निवडताना आधी मसावि काढा, मगच पेन हातात घ्या.

आता शाईबद्दल. कडेजवळच्या छिद्रात जेल पेन घातलं की पाकळ्यांच्या बाहेरच्या टोकांवर शाई साचते. कारण सुंदर आहे. घरंगळणारं चाक प्रत्येक क्षणी, जिथे ते कड्याला टेकलंय त्या बिंदूभोवती फिरत असतं. बाहेरच्या टोकाला पेन त्या बिंदूच्या अगदी जवळ येतं, म्हणून तिथे त्याचा वेग पडतो आणि रेघ जाड होते. म्हणजे रेघेच्या जाडीतच वेग वाचता येतो. स्वच्छ नक्षीसाठी ०.३ मिमी टोकाचा फाइनलायनर पेन वापरतोय; वेग पाहायचा असेल तर मुद्दाम जेल पेनच.

४८ चं चाक जरूर करून बघा. अर्ध्या मापाच्या चाकाच्या बरोबर कडेवरचा बिंदू सरळ रेषेत ये-जा करतो. तेराव्या शतकात इराणी खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसीने ग्रहांच्या गतीसाठी हीच युक्ती वापरली. आपली छिद्रं कडेच्या आत असतात, त्यामुळे लंबवर्तुळ मिळतं. छिद्र कडेकडे नेलं की ते निमुळतं होत जातं, मध्याकडे आणलं की गोलसर.

पुढचं काम प्लायवूडमधून पॅराबोला (अन्वस्त) कापायचं. तो सरळ पट्टीवर घरंगळवला की त्याची नाभी (आतला फोकस बिंदू) कॅटेनरी आखते, म्हणजे दोन टोकांना टांगलेल्या साखळीचा आकार. इथे दाते नसल्यामुळे घसरण्याची भीती जास्त, म्हणून दोन्ही कडांना बारीक पॉलिश पेपर चिकटवणार आहे. नाभीपाशी पेनपुरतं भोक आधी पाडायचं, कड नंतर घासायची.