तुम्ही विचारलंत म्हणून: एकटी दिवसभर करता तरी काय?

लिस्बनला एकटी जाऊन आल्यापासून भिशीत, लग्नाच्या पंगतीत, अगदी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही हा प्रश्न मला विचारला गेलाय. खर्च किती आला ते नंतर. आधी, "पण एकटी दिवसभर करत काय होतात?" यांना का नेलं नाही, हा त्यातला न उच्चारलेला अर्धा भाग. त्याचं उत्तर एका ओळीत देते: लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय आणि आमच्या यांच्या गुडघ्यांनी पर्वतीलाही केव्हाच रामराम ठोकलाय. ते घरी, जिवलग मित्रांसोबत, मजेत होते.

आता मूळ प्रश्न. मी बरंचसं बघत बसते.

ग्रासा नावाच्या टेकडीकडे चढताना एका गल्लीत फुटपाथ उखडलेला होता. लिस्बनचे फुटपाथ म्हणजे सुपारीपेक्षा थोडे मोठे, हातानं फोडलेले चुनखडीचे दगड. पांढऱ्या जमिनीवर काळ्या दगडांची नक्षी. रोसियो चौकात याच दगडांच्या लाटा आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घातलेल्या. त्या लाटांचे फोटो सगळे काढतात. मला दिसला तो लाट घालणारा माणूस. बुटक्या स्टुलावर बसलेला, समोर वाळू, बाजूला दगडांचा ढीग. डाव्या तळव्यात एक दगड घ्यायचा, हातोडीच्या धारेनं दोन टोले, की नको तो कोपरा गळून पडला. पट्टी नाही, खूण नाही. दगड फिरवून खाचेत बसवायचा, वरून हातोडीच्या दुसऱ्या टोकानं ठोकायचा, हात पुढच्या दगडाकडे गेलेलाच. एखादा दगड आवडला नाही तर तो पुन्हा ढिगात न टाकता मांडीजवळ ठेवायचा. थोड्या वेळानं बरोबर त्याच आकाराची जागा तयार व्हायची आणि तो तिथे जायचा. हात-दोन हात जागा भरली की वर वाळू टाकून धुमसानं चोपायचं. या कामाला माणसं मिळेनात म्हणून लिस्बनची महापालिका १९८६पासून त्यासाठी शाळा चालवते, हे मला आधी वाचून माहीत होतं. पण तो मांडीजवळ ठेवलेला दगड कुठल्या माहितीपत्रकात नव्हता.

समोरच्या पायरीवर बसून मी हे किती वेळ पाहिलं कोण जाणे. मैत्रीण बरोबर असती तर पाचव्या मिनिटाला म्हणाली असती, "चल गं, किल्ल्याची रांग वाढेल." आणि तिचं बरोबरच असतं. (जाता जाता: हे दगड झिजून गुळगुळीत होतात आणि पावसात भयंकर निसरडे असतात. चांगल्या पकडीचे बूट न्या, चप्पल नको.)

जेवायचं कसं, हा बायकांचा खास उपप्रश्न. एकटीनं टेबल अडवून बसायची लाज वाटते म्हणून कित्येक जणी खोलीत थेपले खाऊन झोपतात. लिस्बनमध्ये साध्या खाणावळीला तास्का म्हणतात आणि तिथे बहुधा एक काउंटर असतोच. दुपारी तिथे शेजारच्या दुकानातला माणूस, पेन्शनर आजोबा, सगळे एकेकटे उभ्यानं किंवा उंच स्टुलावर जेवतात. फळ्यावर त्या दिवशीचं ताट लिहिलेलं असतं, ते मागवायचं. टेबलावर बसलात तर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात लावायचा नाही किंवा परत न्यायला सांगायचं, म्हणजे बिलात येत नाही. उन्हाळ्यात निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिन आणि बारमाही बाकाल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. सुक्या मासळीच्या वासानं नाक मुरडणाऱ्यांनी त्या दुकानांवरून लांबून जावं. मी आत शिरून उभी राहिले. शाकाहारी मंडळींनीही घाबरू नये, फरसबीची चक्क भजी मिळतात आणि बटाटा घोटून केलेलं हिरव्या पानांचं सूप मिळतं. फक्त त्यात सॉसेजची चकती तरंगत असते, ती आधीच नको म्हणून सांगायचं.

प्रेक्षणीय स्थळं पाहिलीच नाहीत असं नाही. बेलें भागातल्या चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्यापाशी फोटो काढणाऱ्यांत आपलीही माणसं होती. १५२४मध्ये तो कोचीत वारला, तिथेच पुरला, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले. मला तिथे फार रेंगाळावंसं वाटलं नाही. कार्मोचं चर्च मात्र बघाच. १ नोव्हेंबर १७५५च्या सकाळी, सणाच्या प्रार्थनेला लोक जमलेले असताना भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग आगी लागल्या. शहराचा खालचा सगळा भाग पुढे पोम्बाल या मंत्र्याच्या हुकमतीत सरळ रेषांत नव्यानं बांधला गेला. नव्या घरांच्या भिंतींत भूकंपासाठी लाकडी सांगाडे घातले. कार्मोचं छप्पर कोसळलं ते कायमचंच. कमानी उभ्या आहेत, वर आभाळ.

त्या चर्चसमोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ला पोर्तुगालची हुकूमशाही संपली. लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला, पंतप्रधान कायतानु इथल्या बराकीत अडकले आणि संध्याकाळी शरण आले. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लालभडक कार्नेशनची फुलं खोवली. दोन दिवसांत लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगातले राजकीय कैदी सुटले.

काशियाश हे नाव मी घरी लहानपणी वेगळ्याच उच्चारात ऐकलं होतं. गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे तिथल्या तुरुंगात होते. सांगलीचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात गेला, आझाद गोमंतक दलात शिरला, १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला हलवलं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. रानडे सुटले जानेवारी १९६९मध्ये. मधली सात वर्षं ज्या राज्याशी लढले ते गोव्यात उरलेलंच नव्हतं आणि हे त्याच्या राजधानीजवळ कोठडीत. वडील हे सांगताना दरवेळी चष्मा काढून पुसायचे.

म्हणून एका सकाळी काइश दु सोद्रे स्टेशनवरून कश्काइशकडे जाणारी धीमी गाडी पकडली. डावीकडे तेजो नदी, मग नदीचा समुद्र होत जातो. काशियाशला माझ्याबरोबर टॉवेल आणि छत्र्या घेतलेलं एक कुटुंब उतरलं, स्टेशनजवळच छोटीशी पुळण आहे. तुरुंग वरच्या अंगाला. तो अजूनही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. मी समुद्राच्या कठड्यापाशी उभी राहिले, बॅगेतलं संत्रं सोलून खाल्लं आणि परतीच्या गाडीत बसले. कुणी बरोबर असतं तर विचारलं असतं, "इथे बघायचं काय?" आणि खरं उत्तर "काही नाही" हेच होतं. एकटं फिरण्याची माझी सगळी वकिली इथे संपते: असल्या ठिकाणी जाताना कुणाला पटवून द्यावं लागत नाही, आणि वेळ फुकट गेला म्हणून कुणाचं तोंड बघावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी कॅथेड्रलजवळचं अल्जुब संग्रहालय पाहिलं. तोही जुना राजकीय तुरुंग. तिथल्या कोठड्यांत दोन्ही हात पसरताच येत नाहीत. मी पसरून पाहिले.

भीती? २८ नंबरच्या ट्रॅममध्ये खिसेकापूंची, आणि तीही आपल्या पुण्याच्या पीएमटी बसमध्ये वावरलेल्या बाईला कितीशी. पर्स पोटाशी धरायची, नाहीतर भल्या सकाळी चढायचं. रात्री अंधाऱ्या गल्ल्या मी इथेही टाळते, तिथेही टाळल्या. भर बाजारपेठेत मात्र माणसं जवळ येऊन हळूच "हशीश?" विचारतात. मलाही विचारलं, माझ्या पांढऱ्या केसांचा काही एक मुलाहिजा न ठेवता. गंमत अशी की बऱ्याचदा तो दाबून वडी केलेला तमालपत्राचा पाला असतो. अमली पदार्थच नाही म्हटल्यावर पोलीस त्या गुन्ह्याखाली धरणार कसे! "नको, घरी डबाभर आहे," असं मी मराठीतच सांगितलं.

कंटाळाही येतो, का नाही येणार. दुपारी तीन ते पाच. जेवण अंगावर आलेलं असतं, पाय बोलायला लागतात आणि चित्रं, चर्च, फरशा सगळं एकसारखं दिसायला लागतं. त्यावर माझा उपाय म्हणजे काइश दु सोद्रेहून पलीकडच्या कासिल्याशला जाणारी फेरीबोट. मेट्रोचंच कार्ड चालतं, दहाएक मिनिटांत पलीकडे. घरी जाणाऱ्या कामकरी बायकांशेजारी बसायचं, खिडकीतून शहर मागे सरकताना बघायचं. काही करायचं नाही.

एकटीचं खरोखर अडतं ते फादूच्या, म्हणजे तिथल्या खास गाण्यांच्या मैफलीत. एक तर एकटीला टेबल द्यायला बरीच ठिकाणं का-कू करतात, आणि किमान खर्चाची अट असते ती वेगळीच. मला दिलं ते स्वयंपाकघराच्या दाराशी. पण दिवे मंद झाले, बारा तारांची गिटार सुरू झाली आणि काळी शाल घेतलेली एक बाई माइकशिवाय गायला उभी राहिली. गाणं चालू असताना बोलायची सक्त मनाई, कुजबुजलात तरी शेजारचे दटावतात. तिनं एका जागी आवाज असा काही ओढून धरला की माझी मान आपोआप उजवीकडे वळली, "ऐकलंस?" म्हणायला. उजवीकडे दार होतं, आणि भाजलेल्या माशाची ताटं घेऊन थबकलेला वेटर. त्यानं डोळे मिटून मान हलवली. तेवढ्यावर भागलं, पण दाद द्यायला आपलं माणूस हवं हेच खरं. तेव्हा पुढच्या खेपेला फादूपुरतं कुणी येणार असेल तर जरूर कळवा. मासे खाणारं हवं, गुडघे शाबूत हवेत, आणि दुपारी तीन ते पाच माझ्याशी बोलायचं नाही.